‘नराधम’ आणि ‘पीडिता’ : दोन शब्दांमागची पार्श्वभूमी

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची २०२४ मधली घटना उघडकीस आल्यानंतर काही आठवड्यांनी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात बालसुरक्षेवर पालकांची बैठक झाली, तिला मी उपस्थित होते. क्लबहाउसमधल्या खुर्च्यांवर बहुतेक आयाच बसल्या होत्या. दाराशी उभ्या असलेल्या एका वडिलांनी अगदी सरळपणे विचारले, “आमच्याकडे दोन्ही मुलगेच आहेत, मग आम्ही थांबायला हवं का?” ते गृहस्थ बेफिकीर मुळीच नव्हते, धाकट्याचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता. त्यांच्या प्रश्नात जे गृहीत होते, ते दीडशे वर्षे आपल्या कायद्यातही गृहीत होते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत बलात्काराची व्याख्या करणाऱ्या कलम ३७५ नुसार गुन्हा करणारा पुरुष आणि बळी पडणारी स्त्री, एवढीच शक्यता होती. कलम ३५४ स्त्रीच्या विनयाला धक्का पोहोचवण्याबद्दल होते, आणि ‘विनयभंग’ हा शब्द आजही प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज लिहिला जातो. या शब्दात स्त्रीच्या शरीराला किंवा मनाला काय झाले, याचा उल्लेख नाही. तिच्या शालीनतेचे काय झाले, एवढेच आहे. ‘अब्रू लुटली’ या वाक्प्रचारात तर जे गेले ते घराण्याचे गेले असे सुचवले जाते. मुलगी गप्प राहिली तर घराची अब्रू वाचते, हा हिशेब त्यातूनच येतो. १८९१ मध्ये संमतीवय, म्हणजे विवाहित मुलीशीही शरीरसंबंध ठेवण्यासाठीचे तिचे किमान वय, दहावरून बारा वर्षांवर नेले गेले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी त्या विधेयकाला विरोध केला होता. त्या गाजलेल्या वादात धर्मात हस्तक्षेप करण्याचा सरकारला अधिकार आहे का, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या मुलींच्या वेदनेवर फारच थोडे.

मुलग्यांसाठी कायद्यात होते ते कलम ३७७. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा त्यातला गुन्हा, आणि तो संमतीने झाला की जबरदस्तीने, याने गुन्ह्यात काही फरक पडत नसे. बातम्यांतला ‘अनैसर्गिक अत्याचार’ हा शब्दप्रयोग याच कलमाचा वारसा आहे. परिणाम असा झाला, की अत्याचार सोसलेल्या मुलग्यालाही आपण काहीतरी अनैसर्गिक केले आहे असे वाटत राहिले, आणि घरच्यांनी ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ म्हणून विषय संपवला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले आणि अशा मुलांत ५२.९४ टक्के मुलगे होते. शोषणाची व्याख्या तिथे व्यापक होती, हे खरे. तरीही मुलग्यांचे हे प्रमाण कोणत्याही पालकसभेत आधी सांगितले पाहिजे असे मला वाटते.

स्त्रीच्या बाबतीत ‘खरी पीडित’ कोण, याचा निकष महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने उघडा पाडला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता, या गोष्टी तिच्या विरोधात गेल्या. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तक्रारदार स्त्रीचे चारित्र्य उलटतपासणीत काढण्याची मुभा देणारी पुरावा कायद्यातली तरतूद मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. ‘ती तिथे गेलीच कशाला’ हा प्रश्न अजूनही टिकून आहे.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झालेल्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने हा साचा प्रथमच मोडला. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, संरक्षण सारखेच. मुलाचा जबाब शक्यतो घरी, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा, इतका बारीक विचार त्यात आहे.

लोकांच्या मनातला गुन्हेगार मात्र फारसा बदललेला नाही. ‘नराधम’ या शब्दातला ‘नर’ संस्कृतात माणूस या अर्थानेही येतो, पण बातमी वाचताना डोळ्यांसमोर येतो तो अनोळखी, क्रूर, बहुधा गरीब पुरुष. २० ऑगस्ट २०२४ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूर स्थानकात लोक तासन् तास रुळांवर बसून फाशीची मागणी करत होते. लहान मुलींच्या पालकांची तक्रार नोंदवायला उशीर झाला, याचा तो संताप रास्तच होता. २३ सप्टेंबरला मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मारला गेला, तेव्हा पेढे वाटले गेले आणि ‘बदला पुरा’ असे फलक लागले. त्या मृत्यूबाबत उच्च न्यायालयाने पोलिसांना कठोर प्रश्न विचारले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर अशा माणसाला फाशी मागत कोणी रुळांवर बसत नाही, आणि त्याला फाशी होईल या भीतीने घरातले मूल अधिकच गप्प बसते.

या चित्रात स्त्री गुन्हेगार बसतच नाही. नवी मुंबईतल्या कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या आश्रमशाळेतील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत महिलाही होत्या, पण लोकांच्या आठवणीत राहिला तो संस्थाचालक. स्त्रीवर सामूहिक बलात्काराचा आरोप ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले होते. पॉक्सोखाली मात्र स्त्रीही आरोपी होऊ शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

प्रौढ पुरुषांचा प्रश्न २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर कायदा सुधारण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीपुढे आला होता. पीडित व्यक्ती कोणत्याही लिंगाची असू शकते, ही समितीची शिफारस होती. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशाने आरोपीबाबतही लिंगभेद ठेवला नाही. स्त्रीने तक्रार करताच तिच्यावरच उलट गुन्हा दाखल होईल, ही महिला संघटनांची भीती निराधार नव्हती. पण एप्रिलमधल्या कायद्यात आरोपी पुन्हा पुरुषच आणि पीडित पुन्हा स्त्रीच राहिली. २०१९ च्या कायद्यानुसार तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षांची आहे. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ चा संपूर्ण मजकूरच गळला. त्या बैठकीला आलेल्या वडिलांच्या धाकट्या मुलाला आज पॉक्सोचे पूर्ण संरक्षण आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याच्यावर तसाच अत्याचार झाला, तर पोलिसांना मारहाणीचे किंवा डांबून ठेवल्याचे कलम लावता येईल. बलात्काराचे कलम त्याच्यासाठी नाही.