बाल कल्याण समिती

बाल कल्याण समिती ही काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, अठरा वर्षांखालील मुलांबाबत निर्णय देणारी जिल्हा पातळीवरील समिती आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम २७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात अशी किमान एक समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत किमान एक महिला आणि एक बालकांच्या प्रश्नांतील तज्ज्ञ असावा लागतो. खंडपीठ म्हणून बसलेल्या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे जाते. हरवलेले, टाकून दिलेले, मजुरीतून सोडवलेले, भीक मागताना सापडलेले, घरात मारहाण वा अत्याचार सोसणारे किंवा ज्याचे वयाआधी लग्न लावले जाणार आहे असे मूल समितीपुढे येते. मंडळ आणि समिती ही नावे कागदावर सारखीच वाटतात आणि अजूनही एखाद्या पोलिस ठाण्यातून मूल चुकीच्या दारात नेले जाते. ही चूक साधी नाही. मंडळापुढे उभ्या केलेल्या मुलाने काहीही केलेले नसताना त्याच्या कागदांत ‘आरोप’ हा शब्द शिरतो.

या व्यवस्थेची मुळे मुंबई इलाख्यात १९२४ च्या बालक अधिनियमापर्यंत जातात. देशभर एकच कायदा १९८६ मध्ये आला; त्यात या कामासाठी बाल कल्याण मंडळ होते. २००० च्या कायद्याने त्याची समिती झाली. सध्याचा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. महाराष्ट्राने त्याखाली २०१८ मध्ये स्वतःचे नियम केले. गोव्यात याच्या जोडीला २००३ चा गोवा बाल अधिनियम आणि त्याखालील स्वतंत्र बाल न्यायालय आहे.

मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत ते समितीपुढे हजर करावे लागते. पोलिस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, कामगार निरीक्षक, १०९८ या हेल्पलाइनचे कार्यकर्ते, डॉक्टर, परिचारिका, कोणीही जागरूक नागरिक मुलाला आणू शकतो, इतकेच काय तर मूल स्वतःही समितीपुढे येऊ शकते. पालकांपासून दुरावलेले मूल सापडूनही न कळवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसते. पण मुले सुट्टी बघून हरवत नाहीत, म्हणून बैठक नसेल तेव्हा एकट्या सदस्यापुढेही मूल हजर करता येते. त्याने दिलेला आदेश पुढच्या बैठकीत समितीकडून कायम करून घ्यावा लागतो.

हजर करताना नमुना १७ मधील अहवाल द्यावा लागतो: मूल कुठे, केव्हा, कोणाला सापडले, अंगावर काय होते, जखमा आहेत का, ते काय बोलले. हा कागद घाईत भरला तर पुढचे महिने वाया जातात. रेल्वे स्थानकावर सापडलेले सहा-सात वर्षांचे मूल तालुका, जिल्हा सांगत नाही. ते शाळेसमोरचे दुकान, नदीवरचा पूल, जत्रेचा देव सांगते. हे त्याच्याच शब्दांत उतरवायचे असते. उत्तरेकडचे मूल ‘नाना’ म्हणाले तर ते आईच्या वडिलांबद्दल बोलत असते. मराठी घरात मात्र वडिलांना किंवा थोरल्या काकांनाही नाना म्हणतात. लिहिणाऱ्याने आपल्या घरची सवय धरून ‘वडील’ असे नोंदवले की शोध वेगळ्याच माणसाचा सुरू होतो. पाच वर्षांवरील मुलाची आधार नोंदणी करायला गेल्यावर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले आहेत असे कळून घर सापडल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे ‘आधी नोंदणी झालेली आहे’ म्हणून अर्ज परत आला तर संस्थेने तो तसाच फाइलला लावून ठेवू नये, पाठपुरावा करावा.

पहिल्या आदेशानंतर चौकशी सुरू होते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), समाजकार्यकर्ता किंवा बाल कल्याण अधिकारी घरी जाऊन नमुना २२ मध्ये सामाजिक तपासणी अहवाल देतो. बोलीभाषेत याला ‘गृहचौकशी’ म्हणतात. मुदत पंधरा दिवसांची आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त मुले इथेच अडकतात. घर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यात असले की अहवाल तिकडच्या कक्षाकडून मागवावा लागतो आणि पत्रामागून पत्र जात राहते. अहवाल आला तरी तो कधी दोन ओळींचा असतो: ‘घरची परिस्थिती हलाखीची, मुलास बालगृहात ठेवावे.’ गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. कुटुंबात ठेवणे हा पहिला पर्याय आणि संस्था हा शेवटचा, हे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच लिहिलेले आहे. चांगल्या अहवालात घरात कोण कमावते, मूल कोणाशी बोलते, ते घरातून का गेले, परत गेल्यावर दार कोण उघडेल आणि शेजारच्या कोणावर विसंबता येईल हे असते.

कलम ३७ खाली समिती मुलाला पालकांकडे सोपवू शकते, बालगृहात किंवा ‘योग्य व्यक्ती’कडे (समितीने तपासून मान्य केलेल्या व्यक्तीकडे) ठेवू शकते, प्रतिपालन कुटुंबाकडे (दत्तक न घेता मुलाला आपल्या घरात सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे) देऊ शकते किंवा प्रायोजकत्व (मुलाच्या गरजांसाठी आर्थिक मदत) मंजूर करू शकते. महाराष्ट्रात घर तुटू नये म्हणून सर्वाधिक उपयोगी पडते ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या मुलाला आईकडे, आजीकडे, मामाकडे राहूनच दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी समितीचा आदेश लागतो. रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, शाळेचा दाखला आणि बँक खाते ही कागदपत्रे आधी तयार ठेवली तर फेऱ्या वाचतात.

मूल दुसऱ्या जिल्ह्याचे असेल तर कलम ९५ प्रमाणे त्याच्या घरच्या जिल्ह्यातील समितीकडे बदली होते. विशेष बाल पोलिस पथकाने आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सोबत करायची असते. मुलगी असेल तर महिला पोलिस असावीच लागते.

अनाथ किंवा टाकून दिलेले मूल दत्तकासाठी मोकळे आहे असे समितीच जाहीर करते, तेही किमान तीन सदस्यांच्या निर्णयाने: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांत. आईवडिलांनी स्वतःहून सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. समर्पण पत्रावर सही करणारी आई अनेकदा एकटी, घाबरलेली आणि नुकतीच बाळंत झालेली असते. हे दोन महिने तिचे आहेत. संस्थेने किंवा सदस्याने त्यात घाई करणे हा थेट तिच्या हक्कावर घाला आहे.

२०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. तिने दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला. त्यावरील अपील विभागीय आयुक्तांकडे तीस दिवसांत करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेशाने न्यायालयातील प्रलंबित प्रकरणे तिकडे वर्ग करणे थांबवले होते. समितीने आपल्या प्रकरणांचा त्रैमासिक अहवाल जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यायचा असतो, आणि तिच्याविरुद्धची तक्रारही तिथेच करता येते. समितीच्या बहुतेक आदेशांवर अपील तीस दिवसांत बाल न्यायालयात होते. प्रतिपालन व प्रायोजकत्वाचे आदेश मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढे आव्हानास जातात.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचे असते. समिती मुलासाठी तपास व खटल्याच्या काळात सोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमू शकते आणि अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी मदतीची शिफारस करू शकते. ही रक्कम आठवड्याच्या आत मिळायला हवी. नुकसानभरपाईची वाट पाहत बसलेल्या कुटुंबांना ही तरतूद सांगितलीच जात नाही, असे वारंवार होते.

संस्थेत वाढलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर कलम ४६ खाली अनुरक्षणाचे, म्हणजे संस्था सोडल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठीचे, साहाय्य मिळते. महाराष्ट्रात अनाथांसाठी २०१८ पासून शिक्षणात व शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. त्याला समितीच्या जुन्या आदेशांचा आधार लागतो. म्हणून आदेशाच्या प्रती, जन्मनोंद आणि शाळेचे दाखले मूल संस्थेत असतानाच, सतरा पूर्ण होण्याआधी, त्याच्या नावाच्या फाइलमध्ये एकत्र केलेले असावेत. संस्था बंद पडली किंवा मूल तीन ठिकाणी बदलले असेल तर पहिल्या समितीच्या कार्यालयातून प्रमाणित प्रत मागता येते. अर्जात प्रकरण क्रमांक आणि पहिल्या हजेरीची तारीख लिहिली की ती लवकर सापडते.