टू-टू घ्यायचंय? आधी इव्हेंट ठरवा, मग परवान्याचा अर्ज

रेंजवर दोन-तीन वर्षं एअर पिस्तूल चालवलेली मुलगी एक दिवस घरी येऊन म्हणते, "बाबा, आता टू-टू हवंय." टू-टू म्हणजे .२२ चं, खरं काडतूस चालवणारं पिस्तूल. बाबा लगेच किंमत विचारतात, आई परवान्याचं विचारते. दोघांचेही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्याआधी एक प्रश्न येतो आणि तो घरात कुणीच विचारत नाही: खेळायचं कोणत्या इव्हेंटमध्ये? परवान्यावर पिस्तुलाचं कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचा आकार, लिहिलं जातं. एकदा चुकीचं लिहून आलं की दुरुस्तीसाठी पुन्हा परवाना कार्यालयाच्या खिडकीसमोर उभं राहावं लागतं.

१० मीटर एअर पिस्तुलापुरता हा सगळा व्याप नाही. ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा आणि पावती जपून ठेवावी. बाकी सगळं २५ मीटरच्या इव्हेंटसाठी. तिथे खरं काडतूस येतं आणि त्याच्याबरोबर १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियमही येतात.

एक पिस्तूल, किती इव्हेंट?

.२२ लाँग रायफल काडतुसाचं एकच स्पोर्ट्स पिस्तूल तीन इव्हेंटना चालतं: महिलांचं २५ मीटर पिस्तूल, पुरुषांचं रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते यातल्या पहिल्या इव्हेंटमध्ये. चौथा इव्हेंट, म्हणजे पुरुषांचं सेंटर फायर, मोठ्या कॅलिबरचा आहे आणि त्यात बहुतेक जण .३२ वापरतात. जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत स्टँडर्ड आणि सेंटर फायर अशी दोन्ही सुवर्णं घेतली, त्यामुळे दोन्ही कॅलिबर एकाच हातात नांदू शकतात हे सिद्ध झालेलं आहे.

म्हणूनच बदलती नळी बसवता येणाऱ्या पिस्तुलांची भुरळ पडते. वॉल्थर जीएसपी हे त्यातलं जुनं आणि गाजलेलं नाव. ग्रिप आणि खालचा भाग तोच ठेवून वर .२२ किंवा .३२ चा संच चढवायचा. हाताची सवय मोडत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही 'अग्निशस्त्र' या शब्दात येतात. दुसरी नळी काही पेटीतला सुटा स्क्रू-ड्रायव्हर नव्हे. ती घेण्याआधी तिचं कॅलिबर परवान्यावर नोंदलेलं असायला हवं. मुलींसाठी तर हा दुसरा संच बहुतेक वेळा निरुपयोगीच ठरतो, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत सेंटर फायर हा पुरुषांचा इव्हेंट आहे. दुकानात कुणी 'असू द्या, पुढे उपयोगी पडेल' म्हणालं तर ही गोष्ट आठवा.

आता प्रत्यक्ष पिस्तूल कसं पारखायचं ते पाहू. स्पर्धेच्या तपासणी टेबलावर जे मोजतात तेच आधी मोजा. वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. दोन साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं, अंतर २२० मिलिमीटरच्या आत. पूर्ण पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. ट्रिगरने किमान १००० ग्रॅम वजन उचललं पाहिजे. तो अगदी काठावर लावून घेऊ नका. थोडी गुंजाइश ठेवलेली बरी.

हे आकडे सगळ्याच चांगल्या पिस्तुलांत बसतात. फरक कळतो तो रॅपिड टप्प्यात. महिलांच्या इव्हेंटमध्ये ३० गोळ्या सावकाश असतात आणि ३० रॅपिडच्या. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली ठेवून थांबायचं, लक्ष्य ३ सेकंद दिसतं, तेवढ्यात हात वर, साइट जुळवायची आणि एक गोळी. मग ७ सेकंद थांबून पुन्हा. त्यामुळे दुकानात उभ्या-उभ्या नेम धरून काही कळत नाही. क्लबमधल्या एखाद्या सिनियरचं पिस्तूल त्याच्या देखरेखीखाली रेंजवर वीस-तीस वेळा रिकामंच वर उचलून पाहा. साइट आपोआप जुळते की मनगट वळवून जुळवावी लागते? मनगट वळवावं लागत असेल तर दोष ग्रिपचा आहे. ग्रिप बदलता येते, लाकूड तासता येतं. पुढचा भाग जड वाटला तर वजनं काढता येतात. पण नळी हातापासून किती उंचावर बसली आहे हे मात्र बदलता येत नाही, ते पसंत पडलंच पाहिजे. आणि गोळी चालवून पाहाल तेव्हा आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या काडतुसांनीच चालवा. नाजूक पिस्तुलं काडतुसांच्या बाबतीत खोडकर असतात.

पात्रता

साध्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. मात्र वयाची १२ वर्षं पूर्ण झाल्यावर प्रौढ प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली सराव करता येतो, आणि 'ज्युनियर टार्गेट शूटर' असा वेगळा वर्ग नियमांत आहे.

त्यापुढची पायरी 'रिनाउन्ड शॉट' ही. राष्ट्रीय स्पर्धेत उतरून राष्ट्रीय रायफल संघटनेने त्या इव्हेंटसाठी ठरवलेले किमान गुण मिळवले की ही ओळख मिळते. तिथपर्यंतची वाट क्लबचं सदस्यत्व, राज्य संघटना, राज्य स्पर्धा आणि मावळंकर स्पर्धा (राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा) अशी जाते. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर. १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते.

या ओळखीला एवढं महत्त्व का? शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंना २०२० च्या अधिसूचनेने मोकळीक दिली: एका इव्हेंटमध्ये रिनाउन्ड असाल तर ८, दोनमध्ये १०, त्याहून जास्त असतील तर १२. ज्युनियरला आपल्या प्रकारातली दोन. सरावासाठी .२२ ची ५००० आणि इतर पिस्तुलांची २००० काडतुसं, अशी मर्यादाही त्याच वेळी वाढली. परदेशातून स्वतःसाठी पिस्तूल मागवण्याचा मार्गही रिनाउन्ड नेमबाजांना आणि रायफल क्लबांनाच आहे, तोही केंद्रीय क्रीडा विभागाच्या शिफारशीवर.

अर्ज आणि कागद

अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांत तो पोलीस आयुक्तांकडे जातो, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडायचं. खेळाडूने यात क्लबचं व राज्य संघटनेचं पत्र आणि स्पर्धांची गुणपत्रकंही जोडावीत. अर्जाचं कारण 'खेळ, टार्गेट शूटिंग' असं स्पष्ट लिहावं. तिथे 'स्वसंरक्षण' लिहिलंत की जीवाला धोका कुणापासून, याची चौकशी सुरू होते आणि तुमची गुणपत्रकं फाइलच्या तळाशी जातात.

घोटाळा बहुधा पत्त्यात होतो. आधारवर गावचा पत्ता, वीजबिल भाड्याच्या घराचं आणि घरमालक तिसऱ्याच नावाचा. पोलीस ठाण्याचा माणूस घरी येतो तेव्हा शेजाऱ्यांनाही विचारतो, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा. लोखंडी कपाट कुठे आहे तेही तो पाहील. नियमाप्रमाणे पोलीस अहवाल ३० दिवसांत आणि त्यानंतर परवाना अधिकाऱ्याचा निर्णय ६० दिवसांत यायला हवा. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो, म्हणून पोचपावती आणि तारखा एका वहीत लिहून ठेवा. नकार आला तर कारणं लेखी मागा. अपिलाची मुदत ३० दिवसांची असते.

परवाना ५ वर्षांचा असतो आणि त्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. हातात पडताच तिथेच उभं राहून तीन गोष्टी वाचा: कॅलिबर, काडतुसांची संख्या आणि हद्द. हद्द फक्त महाराष्ट्र असेल तर दिल्लीच्या निवड चाचणीला पिस्तूल नेता येणार नाही. ती संपूर्ण भारत करून घ्या. पिस्तूल घेतल्यावर त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा.

दुसऱ्या नेमबाजाचं वापरलेलं पिस्तूल घेणार असाल, आणि पहिल्यांदा तेच शहाणपणाचं, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. ते पिस्तूल खेळाडूच्या सवलतीत आयात झालेलं असेल तर त्यावरच्या अटींचे कागद आधी पाहा, पैशांचं मग बोला.

निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. अशा वेळी खेळाडू म्हणून सूट मागणारा अर्ज, संघटनेचं ओळखपत्र आणि येत्या स्पर्धेचं वेळापत्रक जोडून, लगेच द्या. नोटिशीची मुदत संपल्यावर दिलेला अर्ज कुणी वाचत नाही.