ख्रिस्ती कीर्तन

महाराष्ट्राच्या कीर्तनपरंपरेचा घाट घेऊन येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान सांगण्याचा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधील कृष्णराव सांगळे यांनी तो रुजवला. त्याआधी धर्मप्रसाराचा भर उपदेश, पत्रके आणि खंडनमंडनावर होता. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वाद रंगले. अशा वादात हारजीत होते, पण ऐकणाऱ्याचे मन उघडत नाही.

कीर्तनात नमन होते, पूर्वरंगात बायबलमधील एखाद्या वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. साथीला झांज, तबला, पेटी. आख्यानासाठी लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला फार सोयीचा. वाटणी मागून दूरदेशी गेलेला धाकटा सगळे उधळतो, डुकरे राखू लागतो, त्यांच्यापुढच्या शेंगांवरही त्याचे मन जाते. शेवटी तो घरची वाट धरतो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. घरच्या कर्त्या पुरुषाने असे धावायचे नसते, हे गावातल्या श्रोत्याला समजावून द्यावे लागत नाही. मुलाने मनात जुळवलेले बोलणे पुरे व्हायच्या आत बाप उत्तम झगा आणायला सांगतो. पद धरायचे ते इथे. पाप, पश्चात्ताप, कृपा हे शब्द नंतर उच्चारले तरी चालतात, कारण श्रोत्याने ते तोवर डोळ्यांनी पाहिलेले असतात. सुवार्ता सांगावी ती अशीच.

मात्र घाट मराठी म्हणून आशय पातळ करून चालत नाही. येशूला थोर सद्गुरू म्हणून थांबणारे आणि क्रूस व पुनरुत्थानाशी न पोचणारे कीर्तन अपुरेच. श्रोत्याच्या दैवतांची निंदा किंवा कसले आमिष यांनाही त्यात जागा नाही. प्रेषित पौलानेही अथेन्समध्ये तिथल्याच ‘अज्ञात देवा’च्या वेदीपासून बोलणे सुरू केले, तिथल्याच कवींची वचने घेतली, पण पुनरुत्थान सांगायचे टाळले नाही (प्रेषितांची कृत्ये १७).

मराठीतली ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांची भजने मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायिली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही प्रवेश होता.