अंगावरून घेतलेला साचा: शिल्पकलेतल्या एका जुन्या आरोपाची पार्श्वभूमी

पुतळा फारच जिवंत वाटला की बघणाऱ्याच्या तोंडून दोनपैकी एक वाक्य निघतं. ‘आता बोलेल असं वाटतं’ हे कौतुकाचं, आणि ‘हा घडवलेला नाही, माणसाच्या अंगावरून साचा काढून ओतलाय’ हे संशयाचं. सिलिकॉनच्या हुबेहूब आकृती आणि थ्रीडी स्कॅनिंग आल्यापासून दुसरं वाक्य पुन्हा कानावर येऊ लागलं आहे, आणि ते उच्चारताना चोरी पकडल्याचा सूर असतो. हा सूर मुख्यतः एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँवर आलेल्या एका प्रकरणाची देणगी आहे. ग्रीकांचा आदर्श देह, भारतीय मूर्तिकलेतलं तालमान म्हणजे अवयवांच्या मापांचं शास्त्र, रेनेसाँसमधला शरीररचनेचा अभ्यास हे सगळं वाचकांच्या परिचयाचं आहे, त्यामुळे सरळ त्या प्रकरणाकडे येऊ.

त्याआधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा, कारण या वादातला निम्मा गोंधळ शब्दांनीच घातला आहे. पुतळा ‘ओतीव’ असणं हा कधीच आरोप नव्हता. ब्राँझचा जवळपास प्रत्येक पुतळा ओतीवच असतो. शिल्पकार मातीत किंवा मेणात आकृती घडवतो, तिच्यावरून साचा घेतला जातो आणि साच्यात धातू ओतला जातो. मोहेंजोदडोची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी ओतीव आहे आणि चोळ काळातला नटराजही ओतीव आहे. मेण वितळवून त्याच्या जागी धातू भरण्याच्या या रीतीला संस्कृत ग्रंथांत मधूच्छिष्ट विधान म्हणतात. आरोप असतो तो साचा कशावरून घेतला याचा: हाताने घडवलेल्या मातीवरून, की जित्याजागत्या माणसाच्या कातडीवरून?

फ्रेंचमध्ये या दुसऱ्या प्रकाराला ‘मुलाज स्यूर नात्यूर’, म्हणजे निसर्गावरून घेतलेला साचा, असं वेगळं नाव आहे. पण भांडणात वापरला गेलेला शब्द होता ‘स्यूरमुलाज’. हाच शब्द आज ओतशाळांत आणि लिलावगृहांत भलत्याच अर्थाने चालतो: तयार ब्राँझ पुतळ्यावरून पुन्हा साचा घेऊन काढलेली नक्कल. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, त्यामुळे अशी नक्कल मूळ पुतळ्याहून किंचित लहान भरते आणि जाणकार मापं घेऊन ती पकडतात. तिसरीकडे नुसता ‘मुलाज’ हा शब्द वैद्यकशास्त्रात रुग्णाच्या त्वचेवरून घेतलेल्या मेणाच्या प्रतिकृतींसाठी रूढ झाला. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात अशा ४,००० हून अधिक प्रतिकृती जपलेल्या आहेत. मराठीत आपण या तिन्ही गोष्टींना ‘साचा काढला’ म्हणून मोकळे होतो, आणि मग जुनी भांडणं वाचताना कोण कुणावर कसला आळ घेतोय हेच समजत नाही. इथे यापुढे ‘अंगावरचा साचा’ म्हटलं की तो थेट शरीरावरून घेतलेला, एवढं धरून चालावं.

आता प्रकरण. १८७७ च्या जानेवारीत ब्रसेल्समधल्या एका कलामंडळाच्या प्रदर्शनात नग्न तरुणाचा प्लास्टरचा पुतळा मांडला गेला. शिल्पकार ऑग्युस्त रोदँ तेव्हा ३६ वर्षांचा होता. नाव जवळपास कुणाला ठाऊक नव्हतं, पोटासाठी तो दुसऱ्यांकडे सजावटीची कामं करत होता. पुतळ्यामागे सुमारे दीड वर्षाची मेहनत होती. तरुणाचा उजवा हात वर, डोक्यावर, बोटं केसांत रुतलेली. डावा हात कोपरात दुमडलेला आणि मूठ अशी, की तिच्यातून नुकतंच काहीतरी निसटलंय. त्या मुठीत आधी खरोखरच भाला होता. बाजूने पाहताना भाल्याची काठी शरीराची रेषा अडवते, म्हणून शिल्पकाराने तो काढून टाकला. भाला गेला तसा पुतळ्याचा विषयही गेला. हा योद्धा म्हणावा तर शस्त्र नाही, देव म्हणावा तर खूण नाही. डोळे जवळजवळ मिटलेले, चेहऱ्यावर वेदना आहे की जाग येत आहे ते सांगता येत नाही. नावही बदललं: आधी ‘पराभूत’, मग ‘ब्राँझयुग’. गोष्ट काढून घेतली की बघणाऱ्यापुढे उरतं ते निव्वळ शरीर. त्यातून हे शरीर बरोबर माणसाच्या मापाचं होतं.

ब्रसेल्सच्या वर्तमानपत्रात अंगावरच्या साच्याची कुजबुज छापून आली आणि पुतळा पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनात, पोचला तेव्हा ती सोबतच होती. पुतळा प्रदर्शनात घेतला गेला, पण आळ चिकटला तो चिकटलाच. शिल्पकाराने मॉडेलची छायाचित्रं काढून घेतली, पुरावा म्हणून पुढे केली, पत्रं लिहिली. अधिकारी परीक्षकांचं समाधान झालं नाही. अखेर काही नावाजलेल्या सहशिल्पकारांनी त्याच्या बाजूने सह्या करून पत्र दिलं आणि १८८० मध्ये फ्रेंच सरकारने पुतळा विकत घेतला. त्याच वर्षी त्याला एका नियोजित संग्रहालयाच्या दाराचं काम मिळालं, जे पुढे ‘नरकाचं द्वार’ म्हणून ओळखलं गेलं. मधल्या काळात त्याने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा पुतळा माणसापेक्षा मोठ्या मापात घडवला होता. एवढ्या मापाचा माणूसच नसल्यामुळे त्यावर तो आळ घेणं शक्य नव्हतं.

परीक्षकांचा निर्णय मला आजही खटकतो, कारण उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. अंगावरचा साचा घेताना काय होतं ते पाहा. मॉडेलच्या अंगाला तेल किंवा वंगण चोपडतात, केस चापूनचोपून बसवतात. ओलं प्लास्टर थरावर थर चढतं तसं त्याचं वजन मांस खाली दाबू लागतं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. छाती भरून श्वास घ्यायची सोय नसते, हलायची तर नाहीच. पोझ धरून ठेवणारे स्नायू एकेक करून दमतात, खांदे उतरतात, पोट सैल पडतं. साचा उघडल्यावर कातडीची छिद्रं मिळतात, कोपराच्या सुरकुत्या मिळतात, पायाच्या नखांची कड मिळते. मिळत नाही तो ताण. म्हणून थेट अंगावरून ओतलेली आकृती बहुधा झोपलेली किंवा गतप्राण वाटते. आता ‘ब्राँझयुग’मधल्या तरुणाच्या बरगड्या बघा. श्वास आत ओढलेला आहे, छाती वर उचललेली आहे, पोट आत गेलेलं आहे. प्लास्टर घट्ट होईपर्यंत असा श्वास धरून कुणीही उभं राहू शकत नाही. रोदँ मॉडेलभोवती फिरत, प्रत्येक कोनातून कडेची रेषा पाहत काम करायचा. हजारो रेषा जुळवून तयार झालेला हा श्वास आहे. तो ज्यांना दिसला नाही त्यांनी सारखेपणा मोजला, आणि सारखेपणा जास्त भरला म्हणून माणसाला दोषी धरलं.

हा संशय जुना आहे, मात्र पूर्वी त्यात एवढा विखार नव्हता. इजिप्तमधल्या अमार्ना इथे १९१२ मध्ये ज्या कार्यशाळेत नेफरतितीचं मस्तकशिल्प सापडलं, तिथेच प्लास्टरचे कितीतरी चेहरे मिळाले. ते जिवंत किंवा मृत माणसांच्या चेहऱ्यांवरून घेतले, असं आधी मानलं गेलं. पुढे बहुतेक अभ्यासक घडवलेल्या नमुन्यांवरून घेतलेले साचे या मताकडे झुकले. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की माणसाच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा पहिल्यांदा घेतला तो सिक्योन या ग्रीक नगरातल्या लिसिस्त्रातोस या शिल्पकाराने. पुढे तो असंही म्हणतो, की त्याच्याआधी लोक चेहरा होईल तितका सुंदर करायला बघत, सारखेपणा यानेच आणला. यात निंदा कुठेच नाही, उलट शोधाचं श्रेय आहे. १४०० च्या आसपास इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने चित्रकारांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा कसा घ्यावा, श्वासासाठी नळ्या कशा ठेवाव्यात याची कृतीच दिली आहे. रेनेसाँसमधला इटालियन शिल्पकार वेरोक्कियो अभ्यासासाठी हातापायांचे, गुडघ्यांचे, धडांचे साचे घ्यायचा, अशी नोंद त्याच्या चरित्रकाराने केली आहे. कार्यशाळेत ही रोजची गोष्ट होती.

विष कालवलं ते छायाचित्रणाने. १८३९ मध्ये दागेरोटाइप हा छायाचित्राचा सुरुवातीचा प्रकार जगापुढे आला आणि आठच वर्षांनी, १८४७ च्या सलोंमध्ये, साप चावलेल्या स्त्रीचा संगमरवरी पुतळा मांडला गेला. तिच्या मांडीवरच्या कातडीच्या खळग्यासुद्धा संगमरवरात उतरल्या होत्या, कारण शिल्पकाराने खरोखरच एका स्त्रीच्या अंगावरचा साचा वापरला होता. एका थोर चित्रकाराने त्याला शिल्पातलं दागेरोटाइप म्हटलं. यंत्र जे क्षणात करतं ते कलावंताने करू नये, ही अट तेव्हा घातली गेली, आणि तीस वर्षांनी निरपराध रोदँ तिच्यात सापडला.

या सगळ्या गदारोळात ज्याचं शरीर होतं त्याला कुणी विचारलं नाही. ‘ब्राँझयुग’चा मॉडेल ऑग्युस्त नेत नावाचा २२ वर्षांचा बेल्जियन सैनिक होता. पोझ अंगवळणी पडावी म्हणून आपल्याला रोज सराव करावा लागे, कुठलाही स्नायू ओढूनताणून दाखवलेला शिल्पकाराला नको होता, अशी आठवण त्याने पुढे सांगितली. वादाचा निकाल लावू शकणारा हा पहिल्या हाताचा साक्षीदार. बहुतेक लिखाणात तो फक्त ‘एक सैनिक’ आहे.

त्याची निदान संमती तरी होती. त्याच शतकात कलादालनांच्या बाहेर, विज्ञानाच्या नावाखाली, अंगावरचे साचे ढिगाने घेतले जात होते आणि त्यांना कुणी फसवणूक म्हटलं नाही. दक्षिण आफ्रिकेतून युरोपात आणून तमाशासारखी फिरवलेली सारा बार्टमन १८१५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये वारली. तिच्या मृतदेहाचा संपूर्ण साचा घेतला गेला आणि मग विच्छेदन झालं. तो साचा आणि तिचा सांगाडा विसाव्या शतकात १९७० च्या दशकापर्यंत पॅरिसच्या संग्रहालयात लोकांपुढे उभे होते. तिचे अवशेष मायदेशी परतले २००२ मध्ये आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला दफन झालं. केपटाउनच्या संग्रहालयातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सान या तिथल्या आदिवासी लोकांच्या अंगावरून घेतलेल्या आकृती एका देखाव्यात मांडल्या होत्या, तो २००१ मध्ये बंद केला गेला. १८७७ मध्ये कलावंताच्या हातासाठी जेवढी शाई खर्च झाली, तिचा अंशही या शरीरांच्या वाट्याला आला नाही.

पोंपेईचं उदाहरण याच्या कडेला ठेवायला हवं. राखेत गाडल्या गेलेल्या माणसांची शरीरं कुजून गेली आणि कडक झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ पासून त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं जाऊ लागलं. इथे मृत्यूनेच साचा तयार केला होता. तरीही साचा खरा असला म्हणून त्यावर रचलेली गोष्ट खरी ठरत नाही. सोन्याचं कंकण घातलेली आणि मांडीवर मूल असलेली आकृती पिढ्यान्‌पिढ्या ‘आई’ म्हणून दाखवली गेली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए अभ्यासात ती व्यक्ती पुरुष निघाली, आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं आढळलं नाही.

रोदँच्या मृत्यूनंतर दुसऱ्या अर्थाचं स्यूरमुलाजही त्याच्या वाट्याला आलं. १९१६ मध्ये त्याने आपलं काम आणि हक्क फ्रेंच सरकारला दिले होते. आज तिथे एका शिल्पाच्या १२ प्रतींपर्यंतच ‘मूळ’ म्हणायची मर्यादा आहे. पण त्याच्या ब्राँझवरून पुन्हा साचे घेऊन काढलेल्या नकला बाजारात मुबलक येत राहिल्या.

अंगावरचा साचा उघडपणे कलेत परत आला तो १९६१ मध्ये. अमेरिकन शिल्पकार जॉर्ज सीगल हाड मोडल्यावर बांधतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या माणसांवर गुंडाळू लागला आणि आतली बाजू ओतण्याऐवजी बाहेरचं खडबडीत कवचच त्याने पुतळा म्हणून ठेवलं. चेहरे पुसट झाले, माणसं पांढरी आणि एकटी दिसू लागली. सैल पडलेलं शरीर हा साच्याचा दोष होता, सीगलने त्यातूनच थकवा व्यक्त केला. डुएन हॅन्सन या दुसऱ्या अमेरिकन शिल्पकाराने उलट टोक गाठलं. त्याच्या रेझिनच्या आकृतींना खरे कपडे, खरी पिशवी, हातावर निळसर शिरा रंगवलेल्या. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मलीने प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला: साचा स्वतःच्याच अंगाचा घ्यायचा. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर त्याच्या शरीराच्या १७ साच्यांतून ओतलेल्या १०० लोखंडी आकृती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. भरतीला त्यातल्या कितीतरी बुडतात, आणि त्यांच्या अंगावर आता शिंपले धरले आहेत.

माझ्या दृष्टीने या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण २००५ चं. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात रिकाम्या चौथऱ्यावर ब्रिटिश शिल्पकार मार्क क्विनचा ३.५५ मीटर उंचीचा संगमरवरी पुतळा चढला. जन्मतःच हात नसलेली, पाय आखूड असलेली, आठ महिन्यांची गरोदर स्त्री. काम अंगावरच्या साच्यापासून सुरू झालं होतं आणि ते कुणी लपवलं नाही. ‘हे कसलं सौंदर्य’ इथपासून ‘चौकात असं शरीर कशाला’ इथपर्यंत टीका झाली, पण साचा वापरल्याचा आरोप त्यात जवळपास कुठेच नव्हता. ती स्त्री स्वतः चित्रकार आहे, वादात ती स्वतः बोलली, आणि पुतळ्याच्या शीर्षकातच तिचं पूर्ण नाव आहे: ‘ॲलिसन लॅपर, गरोदर’. २००७ मध्ये पुतळा चौथऱ्यावरून उतरला. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्याची भव्य प्रतिकृती मैदानाच्या मध्यभागी उभी होती.