काय-वर्ग कसोटीची पार्श्वभूमी: स्वातंत्र्यमात्रांचा वाद

वर्गवार मोजलेल्या संख्या अपेक्षेशी कितपत जुळतात हे तपासणारी काय-वर्ग कसोटी लावली की हाती दोन आकडे येतात. एक असतो काय-वर्गाची किंमत (प्रत्येक गटात निरीक्षित आणि अपेक्षित संख्यांमधील फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या, या सगळ्यांची बेरीज) आणि दुसरा स्वातंत्र्यमात्रांची संख्या, म्हणजे किती गटांत आकडे मोकळेपणाने भरता येतात ती. पहिल्या आकड्याचे सूत्र 1900 सालापासून आजपर्यंत बदललेले नाही. दुसरा आकडा मात्र ओळींत एक आणि स्तंभांत दुसरा गुणधर्म मांडणाऱ्या दुहेरी सारण्यांसाठी पहिली बावीस वर्षे चुकीचा धरला जात होता, आणि ती चूक दाखवून दिल्यानंतरही ती मान्य व्हायला बराच काळ गेला. कसोटीच्या इतिहासात या प्रसंगाला सहसा एखाद-दुसरे वाक्य मिळते. तो समजल्याशिवाय पुढच्या दुरुस्त्या, नियम आणि इशारे कशातून आले हे नीट उलगडत नाही, म्हणून या टिपणात त्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

काय-वर्ग वितरण कसोटीपेक्षा जुने आहे. मोजमापातील चुकांच्या वर्गांची (प्रत्येक चुकीला तिनेच गुणून येणाऱ्या संख्यांची) बेरीज कशी वितरित होते, हा प्रश्न जर्मनीतील भूमापनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सोडवला होता. मोजलेल्या संख्या अपेक्षेशी कितपत जुळतात हे ठरवण्यासाठी हेच वितरण वापरता येईल, ही कल्पना मात्र 1900 साली लंडनमधील एका प्राध्यापकाने मांडली. तोपर्यंत आलेखावरची वक्ररेषा माहितीला ‘चांगली बसते’ की नाही, याचा निवाडा बव्हंशी नजरेने होत असे.

त्या पहिल्या लेखातील एक उदाहरण फाशांचे होते. बारा फासे एकत्र घेऊन 26,306 वेळा टाकले होते आणि प्रत्येक वेळी त्यांतील किती फाशांवर पाच किंवा सहा पडले हे नोंदवले होते. फासे निर्दोष असतील तर हे प्रमाण 0.3333 यायला हवे होते, आले 0.3377. फरक डोळ्यांना नगण्य वाटतो. पण शून्य ते बारा अशा तेरा वर्गांवर काय-वर्गाची किंमत सुमारे 43.9 भरली आणि निर्दोष फाशांकडून इतकी तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याची संभाव्यता एका लाखात दोनांहूनही कमी निघाली. केवळ नजरेने हा निष्कर्ष कोणी काढला नसता.

पुढच्या चुकीचे बीज याच लेखात आहे. प्राध्यापकांनी त्याच फाशांना दुसरा प्रश्न विचारला: फासे सदोष आहेत हे मान्य करून अपेक्षित संख्या 0.3377 या प्रमाणावरून काढल्या, तर माहिती जुळते का? हे प्रमाण बाहेरून आलेले नव्हते; ते त्याच माहितीतून उचललेले होते. माहितीतूनच प्रचल (इथे पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण) उचलला की अपेक्षित संख्या निरीक्षित संख्यांकडे थोड्या ओढल्या जातात आणि काय-वर्गाची किंमत आपोआप घटते. प्राध्यापकांनी या मुद्द्याचा विचार केला होता, पण त्याने पडणारा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. तेरा वर्गांच्या बाबतीत तो फारसा जाचतही नाही. स्वातंत्र्यमात्रा बाराऐवजी अकरा धरल्या तर पाच टक्के पातळीवरची सीमा (जिच्या पुढची किंमत निव्वळ योगायोगाने पाच टक्के वेळाच येते) 21.03 वरून 19.68 वर येते, इतकेच.

दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या सारणीत मात्र हाच फरक सगळे चित्र पालटतो. समजा, 50 रुग्णांना औषध दिले आणि त्यांतील 30 बरे झाले. औषध न दिलेल्या 50 जणांपैकी 20 बरे झाले. औषधाचा काहीच परिणाम नाही असे धरले तर प्रत्येक घरात 25 अपेक्षित आहेत, प्रत्येक घरातील फरक 5 आहे, म्हणजे प्रत्येक घराचा वाटा 25 भागिले 25, अर्थात 1, आणि काय-वर्गाची किंमत बरोबर 4. जुन्या पद्धतीनुसार घरे चार, म्हणून त्यांतून एक वजा करून स्वातंत्र्यमात्रा तीन. तेव्हा पी-मूल्य (इतकी किंवा याहून मोठी तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याची संभाव्यता) 0.26 येते आणि औषधाच्या बाजूने बोलण्यासारखे काही उरत नाही. आज आपण मात्रा एक धरतो, पी-मूल्य 0.046 येते, म्हणजे पाच टक्क्यांखाली, आणि निष्कर्ष उलटतो. माहिती तीच, सूत्र तेच आणि बेरीजही तीच असताना हे घडते.

ही विसंगती पहिल्यांदा जाणवली ती लसीकरणाच्या माहितीत. 1915 साली दोन संख्याशास्त्रज्ञ विषमज्वर आणि पटकीच्या लसींची आकडेवारी तपासत होते. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांमधील आजाराच्या प्रमाणांची तुलना त्यांनी प्रसामान्य वितरणावरून (घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेवरून) केली आणि काय-वर्गानेही केली. दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळेनात. वरच्या उदाहरणात प्रमाणांतील फरकाची प्रमाणित किंमत (फरक भागिले योगायोगाने अपेक्षित असलेला चढउतार) 2 येते आणि तिचा वर्ग नेमका 4, म्हणजे दोन्ही पद्धती मुळात एकच गोष्ट मोजत आहेत. तरी एक 0.046 सांगते आणि दुसरी 0.26. ही विसंगती त्यांनी नोंदवून ठेवली. माझ्या मते या नोंदीला जितके श्रेय मिळायला हवे तितके ते कधीच मिळाले नाही, कारण चूक आहे हे आकड्यांतून दाखवणारे ते पहिले लोक होते.

कारण 1922 साली सापडले. कृषी-प्रयोगांच्या माहितीवर काम करणाऱ्या एका तरुण संख्याशास्त्रज्ञाने दाखवले की दुहेरी सारणीत अपेक्षित संख्या कडेच्या बेरजांवरून काढल्या जातात आणि त्यामुळे घरांना मोकळीक उरत नाही. दोन बाय दोनच्या सारणीत कडेच्या बेरजा ठरल्या की एका घरात आकडा भरताच उरलेली तीन घरे आपोआप भरली जातात. म्हणून मात्रा एकच. सर्वसाधारण नियम असा की ओळींच्या संख्येतून एक आणि स्तंभांच्या संख्येतून एक वजा करून दोन्ही बाक्यांचा गुणाकार करायचा. आज हा नियम विद्यार्थी एका ओळीत पाठ करतात, त्यामुळे तेव्हा तो किती जणांना खटकला असेल याची कल्पना येणे अवघड आहे.

ज्येष्ठ प्राध्यापकांनी जे उत्तर लिहिले त्यात पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणाऱ्या, स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोतेची उपमा आहे. ती तरुणाला उद्देशून होती. कटुता इतकी वाढली की तरुणाने ज्या संस्थेच्या नियतकालिकात हा वाद चालला होता तिचे सदस्यत्व सोडले. युक्तिवादाने न सुटलेला प्रश्न मग प्रत्यक्ष प्रयोगाने तपासला गेला. लसींच्या अभ्यासातील दोघांपैकी एकाने 1922 मध्येच यादृच्छिक पद्धतीने दोन बाय दोनच्या 350 आणि चार बाय चारच्या 100 सारण्या तयार करून काय-वर्गाच्या किमती काढल्या, आणि त्या नव्या मांडणीशी जुळल्या. 1926 मध्ये तरुणाने आणखी मोठा पुरावा ठेवला. सुमारे 12,000 सारण्यांवरून काढलेली काय-वर्गाची सरासरी जुन्या मतानुसार 3 च्या आसपास यायला हवी होती, ती 1.00001 आली. त्या सारण्यांची मूळ माहिती ज्येष्ठ प्राध्यापकांच्याच मुलाने वेगळ्या कामासाठी गोळा करून प्रसिद्ध केलेली होती.

ज्येष्ठांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की अपेक्षित प्रमाणे माहितीच्या बाहेरून, आधीच ठरलेली असतात तेव्हा वर्गसंख्येतून एक वजा करण्याची त्यांची रीत पूर्ण बरोबर आहे आणि आजही तीच वापरतात. तरुणाचा नियमही सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाही. वर्ग पाडण्यापूर्वीच्या मूळ मोजमापांवरून प्रचल काढला आणि नंतर वर्ग पाडून कसोटी लावली, तर प्रत्येक प्रचलासाठी एक मात्रा वजा करणे पुरेसे बरोबर ठरत नाही, हे 1954 साली सिद्ध झाले. मापांवरून सरासरी काढून मग आयतालेखाच्या पट्ट्यांवर काय-वर्ग लावणाऱ्यांच्या हे अजूनही ध्यानात येत नाही.

मराठीत या प्रकरणाला भाषेची एक वेगळी गाठ आहे. ओळींचा गुणधर्म आणि स्तंभांचा गुणधर्म एकमेकांवर अवलंबून नाहीत हे तपासणाऱ्या कसोटीला आपण ‘स्वातंत्र्याची कसोटी’ म्हणतो, आणि घरांना उरलेल्या मोकळिकीला ‘स्वातंत्र्यमात्रा’. एक स्वातंत्र्य आहे दोन गुणधर्मांमधले, दुसरे आहे सारणीत आकडे भरण्याचे. ‘स्वातंत्र्य कमी आहे’ असे वाक्य वाचले की नेमके कोणते, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. पहिल्यासाठी ‘निरपेक्षता’ वापरली आणि दुसऱ्यासाठी ‘मुक्तमात्रा’, तर घोळ मिटेल. पण रुळलेले शब्द सहजी हलत नाहीत, आणि प्रत्यक्ष वर्गात ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणूनच वेळ मारून नेली जाते.

मात्रांचा प्रश्न मिटल्यावर लक्ष लहान संख्यांकडे वळले. घरांतील संख्या नेहमी पूर्णांक असतात, काय-वर्गाची वक्ररेषा मात्र अखंड असते, आणि नमुना लहान असला की ही विजोडता जाणवते. 1934 साली सुचवलेल्या सातत्य-दुरुस्तीत दोन बाय दोनच्या प्रत्येक घरातील फरकातून अर्धा वजा करतात. वरच्या औषधाच्या सारणीत फरक 5 ऐवजी 4.5 धरला की काय-वर्ग 3.24 होतो आणि पी-मूल्य 0.07 च्या वर जाते, म्हणजे त्याच सारणीने तिसऱ्यांदा निष्कर्ष बदलला. ही दुरुस्ती अचूक कसोटीच्या (वक्ररेषेचा आधार न घेता संभाव्यता थेट मोजणाऱ्या कसोटीच्या) उत्तराजवळ नेते असे तिचे समर्थक म्हणतात, तर ती कसोटीला गरजेपेक्षा भित्री करते असे विरोधकांचे म्हणणे आहे. कडेच्या दोन्ही बेरजा खरोखर आधीच ठरलेल्या मानायच्या का, हा त्यामागचा मूळ प्रश्न आजही सुटलेला नाही. काही संगणक-प्रणाली ही दुरुस्ती न विचारता लावतात, त्यामुळे अहवालात ती लावली की नाही हे लिहिणे अत्यावश्यक आहे.

‘प्रत्येक घरात किमान पाच अपेक्षित’ हा नियमही याच काळातला. असे आकडे मनमानीने निवडलेले दिसतात, असे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला या विषयाचा आढावा घेणाऱ्या अभ्यासकाने स्पष्ट लिहिले होते, आणि मोठ्या सारण्यांसाठी अधिक सैल नियम सुचवला होता: चार-पंचमांश घरांत अपेक्षित संख्या पाच किंवा अधिक असावी आणि कोणत्याही घरात ती एकाखाली जाऊ नये. पाठ्यपुस्तकांत मात्र कडक नियमच टिकला, आणि तो पाळण्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले वर्ग जोडून टाकण्याची वाईट सवयही टिकली.

मोठ्या नमुन्यांत अडचण उलट दिशेने येते, याकडे 1938 मध्येच लक्ष वेधले गेले होते. प्रत्येकी 50,000 जणांच्या दोन गटांत एकाकडून 25,250 होकार आले आणि दुसऱ्याकडून 24,750, तर प्रमाणे 50.5 आणि 49.5 टक्के आहेत, पण काय-वर्ग 10 येतो आणि पी-मूल्य 0.002 च्या खाली जाते. संबंध किती घट्ट आहे हे काय-वर्ग सांगत नाही. त्यासाठी काय-वर्गाला नमुन्याच्या आकाराने भागून वर्गमूळ काढतात: इथे ते 0.01 भरते, शंभर रुग्णांच्या सारणीत 0.2.

कसोटीचा सर्वांत गाजलेला वापर मात्र उजव्या टोकावर, म्हणजे काय-वर्गाच्या फार मोठ्या किमतींवर, झाला नाही. तो डाव्या टोकावर झाला, जिथे माहिती अपेक्षेशी प्रमाणाबाहेर जुळते. वाटाण्यांच्या संकरावरून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील धर्मगुरूचे आकडे 1936 साली पुन्हा तपासले गेले. तपासणारा तोच 1922 चा संख्याशास्त्रज्ञ होता. वेगवेगळ्या प्रयोगांचे काय-वर्ग आणि त्यांच्या मात्रा त्याने स्वतंत्रपणे बेरजेला घेतल्या. मात्रांची बेरीज 84 झाली, म्हणून काय-वर्गही 84 च्या आसपास अपेक्षित होता. तो सुमारे 42 आला. इतकी जवळीक निव्वळ योगायोगाने साधण्याची संभाव्यता एका लाखात सात. मोजणी कोठे थांबवली, संदिग्ध दाणे कोणत्या वर्गात टाकले, मदतनिसाने काय केले, यांवर पुढे कित्येक दशके लिहिले गेले आणि अजूनही लिहिले जाते. पण 84 या संख्येवर कोणी फारसा वाद घातला नाही. चौदा वर्षांपूर्वी हीच मोजदाद डॉन किहोतेची ठरली होती.