दोन बोकडमुखी, एकच नाव

‘सैतानाची मूर्ती’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो तुम्हालाही आला असेल. बोकडाचं डोकं, पाठीला पंख, मांडी घातलेली, एक हात वर, एक खाली. फोटो बहुतेक वेळा २०१५ साली डेट्रॉइटमध्ये अनावरण झालेल्या ब्राँझ मूर्तीचा असतो, आणि खालचा मजकूर एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्राबद्दलचा. नाव दोघांचंही बाफोमेट, म्हणून सगळा घोळ.

चित्र एलिफास लेवीचं, १८५६ च्या सुमाराचं. हा गृहस्थ कॅथलिक पाद्री होता होता राहिला आणि गूढविद्येकडे वळला. नाव त्याने घेतलं टेम्पलर सरदारांच्या, म्हणजे मध्ययुगातल्या एका लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या, खटल्यातून. १३०७ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने त्यांना पकडलं आणि छळ करून घेतलेल्या जबान्यांत कुठल्याशा मस्तकाची पूजा आली. ‘बाफोमेट’ हा बहुधा ‘महंमद’ या नावाचाच तिकडचा अपभ्रंश. आज ओळखीचं झालेलं बोकडाचं रूप मात्र लेवीने घडवलेलं.

आपण मूर्ती ओळखतो ती आयुधांवरून. तसंच हे चित्र वाचायचं. शिंगांमध्ये मशाल, म्हणजे बुद्धीचा प्रकाश. कपाळावर पंचकोनी तारा, टोक वर. वरचा हात पांढऱ्या चंद्रकोरीकडे, खालचा काळ्या. एका हातावर लिहिलंय ‘सोल्वे’, दुसऱ्यावर ‘कोआगुला’: विरघळव आणि घट्ट कर, किमयागारांचं जुनं सूत्र. मांडीवर दोन सापांचा वेढा असलेला दंड. आणि छातीला स्तन. नर-मादी, पशू-मानव, वर-खाली अशा सगळ्या जोड्या त्याने एकाच देहात कोंबल्यात. भीती घालण्यापेक्षा कोडं घालण्याचाच हा प्रकार. (बोकडाचंच तोंड दिल्यावर लोक घाबरणार, हे लेवीला कळत नसेल असं मात्र मला वाटत नाही.)

आता ब्राँझची मूर्ती. उंची साधारण साडेआठ फूट. करवून घेणारी संस्था सटॅनिक टेंपल. ही मंडळी सैतान खरोखर आहे असं मानतच नाहीत. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या विधानभवनाच्या आवारात बायबलमधल्या दहा आज्ञांची शिळा बसवली होती. एका धर्माला जागा दिलीत तर आमच्याही मूर्तीला द्या, एवढाच त्यांचा मुद्दा. पंख, मशाल, हातांची ठेवण सगळं लेवीचं उचललं, पण छाती सपाट, पुरुषी केली. म्हणजे चित्राचा गाभाच काढला. त्याची भरपाई म्हणून दोन्ही बाजूंना एक मुलगा आणि एक मुलगी उभी केली, वर कौतुकाने बघणारी. फोटो आला की आधी छाती आणि मग ही मुलं बघा, चुकणार नाही.

मुलांची जागा मला सूचक वाटते. भविष्य सांगण्यासाठी वापरतात त्या टॅरो पत्त्यांच्या १९०९ च्या प्रसिद्ध संचात सैतानाच्या पायाशी एक स्त्री आणि एक पुरुष गळ्यात साखळी घालून उभे आहेत. इथे दोघं मोकळे.

ओक्लाहोमात ही मूर्ती बसलीच नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दहा आज्ञांचीच शिळा हलवायला लावली आणि भांडणाचं कारणच उरलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आर्कान्सास राज्यात तसाच वाद पेटला, तेव्हा लिटल रॉकच्या विधानभवनापुढच्या सभेला तिला ट्रकवर घालून नेलं आणि सभा आटोपल्यावर परत आणलं.