रोज इंग्रजी पेपर वाचला की इंग्रजी येतं?

दहावीच्या निकालानंतर घरोघरी हा सल्ला ठरलेला: ‘रोज इंग्रजी पेपर वाच, आपोआप इंग्रजी येईल.’ येत नाही. पोरगं आठवडाभर पहिल्या पानाशी झटापट करतं, मग पेपर रद्दीत.

दोष पोराचा नाही. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६च्या अभ्यासानुसार वर्तमानपत्र विनाअडथळा वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) लागतात. त्यात मथळ्यांचं व्याकरणच वेगळं. ‘पीएम टू व्हिजिट जपान’ म्हणजे पंतप्रधान जाणार आहेत. ‘ट्वेल्व्ह हर्ट इन बस क्रॅश’ यात क्रियापदाचा अर्धा भाग, ‘वेअर’, गायब. हे शाळेत कोण शिकवतं? म्हणूनच व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओने १९५९मध्ये सुमारे १५०० शब्दांत, संथ गतीने सांगितलेल्या बातम्या सुरू केल्या.

मग बातम्या सोडायच्या? अजिबात नाही, फक्त निवडून घ्यायच्या. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इकडे गदारोळ झाला. ही बातमी आपल्याला मराठीत पाठ आहे, त्यामुळे इंग्रजीत ‘लेदर’, ‘स्ट्रॅप’, ‘आर्टिझन’ हे शब्द संदर्भानेच कळतात. आधी फोटो झाकून वर्णन वाचायचं, मग फोटो उघडून ताडून बघायचं: मॉडेलने काय घातलंय, कोणत्या रंगाचं. वर्गात यावर हमखास भांडण जुंपतं, आणि तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत. अग्रलेखावर असं कधी झालेलं ऐकलंय? शेअर बाजाराचं पान मात्र वर्षभर तरी बाजूलाच राहू द्या.